‘थोडेंसें खाल्ल्यानें काय होतें?’

मुलानें पानांत वाढलेलें सर्व संपवून उठावें, ही शिस्त आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि ती वाईट आहे असें कोणी म्हणणार नाहीं. ज्या जिल्ह्यांत पाऊस दगा देतो, कपाशीचें बोंड किडतें आणि तुरीचा भाव ऐन वेळीं उतरतो, त्या जिल्ह्यांत अन्न टाकणें हा अपराधच होय. परंतु ह्या शिस्तीच्या पोटीं एक वाक्य जन्मास आलें आहे, आणि तें आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें आरोपीसारखें उभें करावें असें मला वाटतें. तें वाक्य असें : ‘थोडेंसें खाल्ल्यानें काय होतें?’ आग्रह करणारी मावशी हें वाक्य बोलते, लग्नाच्या पंगतींत वाढपी बोलतो, आणि मधल्या सुटींत डबा पुढें करणारा वर्गमित्रहि बोलतो. बोलणाऱ्याच्या मनांत प्रेमच असतें. बहुतेक वेळां त्या थोड्याशा खाण्यानें कांहींच होत नाहीं, हेंहि खरें. पण कांहीं थोड्या मुलांच्या बाबतींत ह्या प्रश्नाचें उत्तर ‘जीव जाऊं शकतो’ असें आहे, आणि विचारणाऱ्यास तें ठाऊक नसतें.

ह्या विकारास ‘ॲलर्जी’ म्हणतात. आपल्या परिभाषाकारांनीं त्यास ‘अधिहर्षता’ असा भारदस्त शब्द योजिला. परंतु ह्या दुखण्यांत हर्ष नक्की कोणास होतो हें न उमगल्यामुळेंच कीं काय, लोकांनीं तो उचलला नाहीं. मूळ शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के ह्यानें १९०६ सालीं ग्रीक शब्दांवरून बनविला, व त्याचा अर्थ ‘निराळी क्रिया’ एवढाच आहे. तत्पूर्वीं चार वर्षें, १९०२ सालीं, शार्ल रिशे व पोल पोर्तिए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं एका समुद्रप्राण्याचें विष अल्प प्रमाणांत कुत्र्यांस टोंचून पाहिलें होतें. पहिल्या खेपेस सुखरूप राहिलेल्या कांहीं कुत्र्यांस तीनेक आठवड्यांनीं पुन्हां थोडेंसें विष दिलें, तेव्हां तीं पाहतां पाहतां गतप्राण झालीं. शरीर विषास सरावेल अशी अपेक्षा होती. घडलें तें नेमकें उलट. ह्या कार्याबद्दल रिशे ह्यांस १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

अन्नाच्या बाबतींत हेंच कसें घडतें, हें समजण्यास एक साधा दृष्टांत पुरे आहे. गांवांत रात्रीं गस्त घालणारा जागल्या चोरास ओळखूं शकला तर गांवाचें रक्षण होतें. पण त्याच जागल्यानें दारीं आलेल्या सोयऱ्यास चोर समजून आरोळी ठोकली आणि सारा गांव काठ्या घेऊन धावला, तर जी मोडतोड होईल ती सोयऱ्यानें केलेली नसते. आपल्याच माणसांनीं केलेली असते. शेंगदाण्यांतील, दुधांतील किंवा अंड्यांतील प्रथिन हा तो सोयरा. पहिल्या भेटींत शरीर त्याच्याविरुद्ध एक विशिष्ट प्रतिद्रव्य तयार करून ठेवतें. १९६६ च्या सुमारास इशिझाका ह्या जपानी शास्त्रज्ञ दांपत्यानें त्याची ओळख पटविली. त्यास ‘आयजीई’ म्हणतात. पुढच्या भेटींत हेंच प्रतिद्रव्य त्वचेंतील, श्वासमार्गांतील व आंतड्यांतील पेशींना चेतवितें, त्यांतून हिस्टामीनसारखीं द्रव्यें सुटतात, आणि अंगावर गांधी उठणें, ओंठ व डोळे सुजणें, वांती होणें, छातींत घरघर लागणें, इथपासून नाडी मंदावून मूल लुळें पडण्यापर्यंत कांहींहि होऊं शकतें. हें सारें बहुधा कांहीं मिनिटांत, फार तर दोन तासांच्या आंत होतें. आरोळी एकदां उठली कीं सोयरा एकटा होता कीं दहाजण होते, ह्यास फारसें महत्त्व उरत नाहीं. म्हणूनच ‘थोडेंसें’ ह्या शब्दाचा येथें आधार घेतां येत नाहीं.

आपल्या भाषेंत ह्या विकारास नांव नव्हतें असें नव्हे. उलट नांवें पुष्कळ आहेत, आणि तीच अडचण आहे. ‘बाधलें’, ‘सोसलें नाहीं’, ‘अंगावर पित्त उठलें’, ‘दृष्ट लागली’ असें आपण म्हणतों. शिळ्या अन्नानें झालेली वांती, दूध पचत नाहीं म्हणून धरलेलें पोट, आणि दाणा खातांच सुजलेले ओंठ, ह्या तीन अगदीं भिन्न गोष्टी ‘बाधलें’ ह्या एकाच शब्दांत आपण कोंबतों. पहिलीचें कारण अन्नांतील दोष हें होय. दुसरींत दुधांतील साखर पचविणारें पाचकद्रव्य कमी असतें. मुलास त्रास होतो, पण जिवास धोका नसतो. तिसरी मात्र खरी ॲलर्जी. मग उपायहि एकच : आमसुलाचें पाणी अंगास चोळणें किंवा मीठ-मिरच्या ओंवाळून चुलींत टाकणें. आमसुलाच्या पाण्यानें खाज निवत असेल. माझें त्याच्याशीं भांडण नाहीं. पण ज्या मुलाचा आवाज घोगरा झाला आहे आणि श्वास अडखळत आहे, त्याच्यासाठीं आमसुलें भिजत घालणें म्हणजे घर पेटलें असतां विहीर खणण्यास आरंभ करणें होय.

हा विकार आपल्याकडे किती आढळतो? कर्नाटकांत झालेल्या व २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत प्रौढांपैकीं सुमारें चतुर्थांश लोकांच्या रक्तांत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिद्रव्य सांपडलें. परंतु तें अन्न खाऊन ज्यांस खरोखर त्रास होतो असे लोक शेंकडा एकाच्या आसपासच निघाले. शाळकरी मुलांत तर हें प्रमाण त्याहूनहि पुष्कळ कमी दिसून आलें. ह्यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. आपल्याकडे खरी अन्नॲलर्जी विरळ आहे, ही एक. आणि रक्ताच्या तपासणींत एखाद्या पदार्थापुढें खूण आली म्हणजे तो पदार्थ मुलास वर्ज्य झाला असें नव्हे, ही दुसरी व अधिक उपयोगाची. हल्लीं मोठ्या शहरांत एकाच थेंबावर पन्नास-साठ पदार्थांची तपासणी करून देतात. आईबाप त्या कागदाची घडी जपून ठेवतात आणि मुलाचें दूध, अंडें, गहूं, दाणे, डाळ असें एकेक बंद करीत जातात. मूल रोड होतें. मग त्याच्या अशक्तपणासाठीं पुन्हां औषध. असा कागद हा निकाल नव्हे; मुलानें काय खाल्लें, किती वेळानें काय झालें, आणि पुन्हां खाल्ल्यावर पुन्हां तसेंच झालें काय, हा वृत्तान्तच मुख्य पुरावा होय. तो ऐकून घेणारा डॉक्टर शोधावा, मग तपासणी करावी.

आणखी एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघराची आहे. विलायतेंतील पुस्तकांत शेंगदाण्याचें नांव अग्रभागीं असतें. परंतु मुंबईच्या पाटील, निफाडकर व बापट ह्या संशोधकांनीं २००१ सालीं हरभऱ्याच्या ॲलर्जीवर निबंध प्रसिद्ध करून, आपल्या देशांत हें धान्यहि महत्त्वाचें कारण आहे असें दाखविलें. आतां विदर्भांत बेसनावांचून एक दिवस काढून पाहा! झुणका, पातोडी, गोळाभात, शेव, बुंदी, भजीं. सणाच्या दिवशीं बेसन, आणि घरांत भाजी नसेल त्या दिवशींहि बेसनच. ज्या मुलास हरभरा चालत नाहीं त्याच्या आईची कसरत शेंगदाण्याच्या मानानें कितीतरी अवघड आहे, आणि तिच्याकडे शेजारीण ‘फारच लाड चालले आहेत’ अशा नजरेनें पाहते.

शेंगदाण्याचा इतिहास मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण त्यांत मोठमोठ्या वैद्यकसंस्थांस आपलें मत फिरवावें लागलें. १९९८ सालीं ब्रिटनमध्यें, व २००० सालीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें, असा सल्ला दिला कीं ज्या कुटुंबांत ॲलर्जीचा विकार आहे तेथील मुलांस तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊं नये. सल्ला वरवर पाहतां शहाणपणाचा होता. शत्रूपासून मूल दूर ठेवावें, एवढाच त्याचा अर्थ. परंतु रोग कमी झाला नाहीं, वाढतच गेला. पुढें २००८ सालीं लंडन येथील गिडिअन लॅक व त्यांचे सहकारी ह्यांनीं ब्रिटनमधील व इस्रायलमधील ज्यू मुलांची तुलना केली. वंश एक, देश दोन. आणि ब्रिटनमधील मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारें दहापट! भेद कशांत होता? इस्रायलमध्यें ‘बांबा’ नांवाचा शेंगदाण्याचा हलका, फुललेला खाऊ तान्ह्या मुलांच्या हातीं पहिल्याच वर्षीं पडतो. ब्रिटनमध्यें आया दाण्याचें नांव काढीत नव्हत्या. अमेरिकेनें आपला सल्ला २००८ मध्यें व ब्रिटननें २००९ मध्यें मागें घेतला.

एवढ्यावर न थांबतां लॅक ह्यांनीं चार ते अकरा महिन्यांचीं ६४० बालकें घेतलीं. हीं सर्व धोक्यांतलीं होतीं, म्हणजे त्यांस तीव्र इसब होता किंवा अंड्याची ॲलर्जी होती. ज्यांच्या त्वचेच्या चांचणींत दाण्याविरुद्ध आधींच जोराची खूण उमटली त्यांस वगळलें होतें. अर्ध्यांस आठवड्यांतून अनेकदां शेंगदाणा दिला, अर्ध्यांस मुळींच दिला नाहीं. मुलें पांच वर्षांचीं झालीं तेव्हां न खाणाऱ्यांपैकीं शेंकडा सुमारें १७ मुलांस ॲलर्जी जडली होती, खाणाऱ्यांपैकीं शेंकडा सुमारें ३ मुलांस. हा निकाल २०१५ सालीं प्रसिद्ध झाला, आणि जगभर मतें पालटलीं. तोंडावाटे लवकर आलेल्या सोयऱ्यास जागल्या ओळखूं लागतो. पण तोच सोयरा फाटक्या कुंपणांतून, म्हणजे इसबानें भेगाळलेल्या त्वचेंतून, आंत शिरला तर चोर ठरतो, असा आतां तज्ज्ञांचा समज आहे. म्हणून ज्या तान्ह्याच्या अंगावर इसब आहे त्याला घाणीचें शेंगदाण्याचें तेल चोळूं नये, हें आजीबाईंस अवश्य सांगावें.

आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या सुमारास मुलाचें उष्टावण करितात. तोंवर केवळ आईचें दूध, आणि त्यापुढें दुधाच्या जोडीला वरचें अन्न, हा आजच्या वैद्यकाचाहि नियम आहे. उष्टावण झाल्यावर खिमटींत किंवा पातळ पेजेंत दाण्याचें अगदीं बारीक वाटण मिसळून द्यावें. प्रथम चमच्याच्या टोंकावर येईल इतकेंच, मूल खडखडीत बरें असतां, दिवसा व घरीं. मग हळूहळू वाढवून आठवड्यांतून दोनतीनदां नेमानें. अंड्याचेंहि तसेंच, तें चांगलें उकडलेलें असावें. मात्र तीव्र इसब असलेल्या किंवा एखाद्या अन्नानें पूर्वीं त्रास झालेल्या मुलास हें करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारलेंच पाहिजे. आणि अख्खा दाणा पांच वर्षांच्या आंतील मुलाच्या हातीं कदापि देऊं नये. ह्याचा ॲलर्जीशीं संबंध नाहीं, पण आपल्या देशांत लहान मुलांच्या श्वासनलिकेंतून डॉक्टरांस ज्या वस्तू काढाव्या लागतात त्यांत शेंगदाणा वारंवार पहिल्या क्रमांकावर असतो. दाण्याच्या ॲलर्जीची चर्चा करणाऱ्या घरांतहि तान्ह्याच्या शेजारीं भाजल्या शेंगांचें सूप भरून ठेवलेलें असतें, हें विसरून चालणार नाहीं.

शेंगदाण्याविषयीं मी इतकें आग्रहानें लिहितों ह्याचें कारण परदेशीं नव्हे, येथेंच आहे. दाण्याच्या वजनाचा सुमारें चौथा हिस्सा प्रथिन असतें व त्याहून अधिक स्निग्धांश. इतक्या थोड्या पैशांत इतकें बळ देणारा दुसरा पदार्थ गरिबाच्या घरीं क्वचितच असतो. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत शेंगदाण्याचें वाटण, दूधभुकटी, साखर, तेल व जीवनसत्त्वें एकत्र करून अतिकुपोषित बालकांसाठीं अन्न तयार करितात. त्याच तऱ्हेचें अन्न १९९६ च्या सुमारास फ्रान्समध्यें निघालें आणि आफ्रिकेंतील दुष्काळांत असंख्य मुलांस उपयोगी पडलें. अशा पदार्थाची भीति वर्तमानपत्रांतून व मोबाईलच्या पडद्यावरून आपल्या तांड्यांवर व पोडांवर पोहोंचली, आणि एखाद्या आईनें आपल्या रोड बाळापुढील दाण्याचा लाडू उचलून ठेवला, तर त्या भीतीनें ॲलर्जीहून अधिक मुलांचें नुकसान होईल. ह्याच कारणास्तव, एका विद्यार्थ्यास ॲलर्जी आहे म्हणून सबंध शाळेंत शेंगदाण्यास बंदी करावी, ही कांहीं परदेशी शाळांची रीत मला आपल्याकडे पटत नाहीं. ज्या मुलाच्या डब्यांत पोळी आणि दाण्याची चटणी ह्यांखेरीज दुसरें कांहीं नसतें, त्यानें काय आणावें? शिवाय बंदीचा फलक लागला कीं सर्वांस वाटतें, आतां धोका टळला. प्रत्यक्षांत कोणाच्या तरी खिशांत चिक्की असतेच.

पण बंदी नको म्हणणाऱ्यावर अधिक जबाबदारी येते, हें त्यानें विसरूं नये. ज्या मुलास खरोखर ॲलर्जी आहे त्याच्यासाठीं शाळेनें व घरानें काय करावें?

सर्वांत आधीं संकटाचें औषध ओळखावें. त्याचें नांव ॲड्रिनलीन. जोकिची ताकामिने ह्या जपानी रसायनज्ञानें तें १९०१ च्या सुमारास शुद्ध स्वरूपांत मिळविलें. आज तें अगदीं स्वस्त आहे. श्वास अडखळूं लागला, आवाज बदलला, किंवा मूल फिकट व लुळें पडूं लागलें, कीं मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूंत ॲड्रिनलीनची सुई हाच पहिला उपाय. बाकीचें सर्व नंतर. खाज थांबविणाऱ्या गोळीनें गांधी बसतात, परंतु बंद होणारा घसा उघडत नाहीं. आणि ‘गोळी दिली आहे, पाहूं अर्धा तास’ ह्या वाक्यानें वेळ जातो. मुलास आडवें निजवून पाय उंच करावेत. दम लागत असेल तर बसूं द्यावें, पण उभें करूं नये, चालवूं नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे. तरी आर्णीहून यवतमाळचें वैद्यकीय महाविद्यालय सुमारें ४० किलोमीटर दूर आहे, आणि घसा बंद होण्यास तितका वेळ लागत नाहीं. म्हणून सर्वांत जवळच्या दवाखान्यांत जाऊन प्रथम सुई घ्यावी व मग पुढें जावें. बरें वाटलें तरी कांहीं तास डॉक्टरांच्या नजरेखालीं राहावें, कारण हा झटका एकदां ओसरून पुन्हां उलटूं शकतो. परदेशांत मुलें लेखणीसारखी तयार भरलेली सुई जवळ बाळगतात. आपल्या गांवच्या औषधांच्या दुकानांत ती सहसा मिळत नाहीं. ज्या मुलास एकदां असा झटका येऊन गेला आहे, त्याच्या आईबापांनीं डॉक्टरांकडून औषधाची कुपी, सुई व नेमकें प्रमाण लिहून घ्यावें आणि ती टोंचण्यास शिकून घ्यावें. पायांत कांटा मोडला तर तो काढण्यास आपण कोणाची वाट पाहत नाहीं. हेंहि शिकतां येतें.

दुसरी गोष्ट वेष्टणाची. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणें बंद पुड्यावर दूध, अंडें, मासे, कोळंबी-खेंकडे, शेंगदाणा, काजू-बदामासारखीं कवचफळें, सोयाबीन आणि गव्हासारखीं धान्यें आंत असतील तर तसें छापावें लागतें. अक्षर बारीक असतें. पण चष्मा लावून आजोबांनींहि वाचावें, व न वाचतां आलें तर नातवाकडून वाचून घ्यावें. आठवडी बाजारांतील उघडा चिवडा, यात्रेंतील मिठाई, लग्नांतील पुलाव ह्यांवर मात्र कांहींच छापलेलें नसतें. ब्रिटनमध्यें २०१६ सालीं पंधरा वर्षांची एक मुलगी विमानतळावर घेतलेल्या पावांत मिसळलेल्या तिळांमुळें मरण पावली. त्या पावाच्या वेष्टणावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या आईबापांच्या प्रयत्नानें जो नियम झाला तो २०२१ पासून अंमलांत आला, व तिच्या नांवावरून त्यास ‘नताशाचा कायदा’ म्हणतात. आपल्याकडे संक्रांतीस तीळच वाटतात, आणि गोड बोलण्याची अटहि घालतात. तेव्हां तिळगूळ हातांत घेऊन न खाणाऱ्या मुलास उद्धट म्हणण्यापूर्वीं अंमळ थांबावें.

आतां विद्यार्थ्यांकडे वळतों. नाताळच्या केकांत अंडें व सुकामेवा असतो, दिवाळीच्या फराळांत बेसन व दाणे, ईदच्या शिरखुर्म्यांत दूध व बदाम-पिस्ते. तुम्ही हे सर्व पदार्थ एकमेकांस देतां, हें आपल्या शाळेचें भूषण आहे, आणि तें मोडावें असें मी सुचवीत नाहीं. परंतु देतांना ‘यांत काय काय आहे’ हें सांगावें, आणि मित्रानें ‘नको’ म्हटलें तर दुसऱ्यांदा विचारूं नये. त्याच्या नकळत भाजींत कूट घालून ‘आतां पाहूं काय होतें’ अशी परीक्षा कोणी घेईल, तर ती थट्टा नव्हे. त्यास फौजदारी नांव आहे. दाणे खाल्ल्यावर हात पाण्यानें व साबणानें धुवावेत, त्याच्या वहीस किंवा डब्यास तेलकट बोट लावूं नये. आणि तो मित्र एकाएकीं खोकूं लागला व घशाशीं हात नेऊं लागला, तर त्याला पाणवठ्यावर किंवा शौचगृहाकडे एकटें सोडूं नये. एकानें त्याच्यापाशीं बसावें, दुसऱ्यानें शिक्षकांकडे धावावें.

पालकांस एवढेंच सांगणें आहे कीं दूध व अंडें ह्यांची ॲलर्जी पुष्कळ मुलांत वयाबरोबर निघून जाते. शेंगदाण्याची मात्र पांचांत एखाद्याचीच जाते. म्हणून वर्षा-दोन वर्षांनीं डॉक्टरांकडून पुन्हां तपासून घ्यावें. घरीं स्वतः परीक्षा पाहूं नये, व एकदां निषिद्ध ठरलें म्हणून जन्मभर निषिद्ध असेंहि धरून बसूं नये.

शाळेपुरती माझी सूचना लहान आहे. पुढील सत्राच्या प्रवेशपत्रावर जन्मतारीख व लसी ह्यांच्या खालीं आणखी एक रकाना असावा. आणि तो रिकामा आला तरी वर्गशिक्षकांनीं आईस तोंडी विचारावें. विचारतांना ‘ॲलर्जी’ हा शब्द वापरूं नये, कारण पुष्कळ आयांस तो परका आहे; ‘बाळाला काय खाल्लें म्हणजे बाधतें, आणि बाधतें तेव्हां नेमकें काय होतें?’ असें विचारलें कीं त्या सगळें सांगतात.